आठवा खिळा

कार्ड क्रमांक २१४.
वस्तू: लष्करी रायफल, ऑस्ट्रियन, मानलिखर, लांब नळीची.
मालक: —

मालकाच्या रकान्यात रेघ आहे. रायफल घेऊन आला तो माणूस प्रेंग, वय चौऱ्याहत्तर, मिर्दिताच्या डोंगरातला. मालक म्हणून त्याचं नाव लिहायला लागलो तर त्याने कार्डावर हात आडवा धरला. "ते रिकामं ठेव, उस्ता." कारागिराला तिकडे उस्ता म्हणतात.

चोरीची वस्तू मी घेत नाही, असं त्याला सांगितलं. त्याने खिशातून पोलिसांचा कागद काढला. बोल्टमधली सुई कापलेली, नळीला मागच्या बाजूने आडवं भोक पाडलेलं, खाली शिक्का. बार निघणार नाही, भिंतीवर टांगता येईल. कागदावर नाव प्रेंगचंच होतं, म्हणजे कायद्याने मालक तोच. तरी मी रेघ मारली. कार्ड भरताना गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, ही माझ्या दुकानाची जुनी रीत.

स्थिती: लोखंडावर सगळीकडे तांबडा गंज, वरवरचा. त्याच्या खाली-वर मेंढीची चरबी, वाळून मेणासारखी झालेली. नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, शाबूत. बोल्ट अडकलेला. दस्ता अक्रोडाचा. दस्त्याच्या मानेला आरपार तडा. तड्यावर तांब्याच्या पत्र्याचं ठिगळ, खिळे सात. ठिगळाच्या एका कडेला ठोकून काढलेलं अर्धं फूल. ठिगळाबाहेर, बोटभर खाली, आणखी एक भोक. कारण कळत नाही.

मान म्हणजे दस्त्याचा बारीक भाग, जिथे उजवा हात पकड घेतो. जुन्या रायफली तिथेच मोडतात. माणूस पडतो, रायफल दगडावर आपटते, मान जाते. यात विशेष काही नाही.

भोकाचं कारण कळत नाही, हे वाक्य मी का लिहिलं, ते आता सांगता येणार नाही. कार्डावर कारणं लिहायची नसतात.

*

प्रेंगची गाडी संध्याकाळी चारला परत जाणार होती आणि तो सकाळी नऊला आला होता. तो दुकानात बसून राहिला. मी बोल्ट डिझेलमध्ये बुडवून ठेवला आणि दस्ता लोखंडापासून वेगळा करायला घेतला. बायकोने मक्याची भाकरी आणि चीज आणून दिलं. त्याने भाकरी खाल्ली आणि चीज रुमालात बांधून घेतलं. मग बोलू लागला. मी विचारलं नव्हतं.

एकोणीसशे अडतीस साली पाण्याच्या पाळीवरून त्याच्या बापाने, बीबने, लाझर नावाच्या शेजाऱ्याला मारलं. एका पाटावर दोन घरं, उन्हाळा, कोणी तरी कोणाची फळी उचलली. मारलं हे त्या काळी त्या डोंगरात नवल नव्हतं. पण मारल्यावर काय करायचं, याचा नियम होता. मेलेल्या माणसाला उताणं करायचं, त्याची बंदूक त्याच्या उशाशी ठेवायची आणि त्याच्या घरी निरोप पाठवायचा. जीव घेता येतो, बंदूक घेता येत नाही. बीबने बंदूक घेतली.

का घेतली, याची दोन उत्तरं गावात होती. एक, घाबरून पळताना हातात राहिली. दुसरं, मानलिखर तेव्हा बैलजोडीच्या तोडीची होती. प्रेंग म्हणाला, त्याने बापाला कधी विचारलं नाही आणि बापाने कधी सांगितलं नाही.

दोन वर्षांनी लाझरच्या भावाने बीबच्या भावाला मारलं. एकाला एक झाला. वडीलधाऱ्यांनी दोन्ही घरांना बसवून वैर मिटवलं. बंदुकीचं मिटलं नाही. जीवाला जीव देता येतो, बंदुकीला फक्त तीच बंदूक. पुढे राज्य बदललं, डोंगरातली सगळी हत्यारं गोळा केली गेली. ज्याच्या घरी सापडेल तो तांब्याच्या खाणीत जाई. बीबने स्वतःची बंदूक नेऊन सरकारजमा केली आणि ही चरबीच्या फडक्यात गुंडाळून गोठ्याच्या भिंतीत चिणली.

उलट का नाही केलं, असं मी विचारलं. स्वतःची ठेवायची आणि ही द्यायची.

"स्वतःची देता येते," प्रेंग म्हणाला.

तेव्हापासून ही दोन घरं एकमेकांच्या मयताला जात नाहीत. लग्नालाही जात नाहीत, पण त्याचं प्रेंगला काही नव्हतं. लग्न चुकलं तर बारशाला जाता येतं, असं तो म्हणाला. मयत एकदाच. तिरानाच्या डॉक्टरने त्याला फार तर एक वर्ष सांगितलं होतं. त्याच्या मयताला लाझरच्या घरातला एक माणूस यावा, एवढंच त्याला हवं होतं. एकच चालेल. दारात उभा राहून गेला तरी चालेल.

हे सगळं त्याने अशा आवाजात सांगितलं, जशी गाडीची वेळ सांगावी.

*

काय करायचं आहे, हे मी चार वाजायच्या आत विचारून घेतलं.

कारखान्यातून आल्यासारखी कर, तो म्हणाला. त्यांच्या हातात द्यायची आहे. बीबच्या पोराने वस्तू नासवून परत दिली, असं कोणी म्हणता कामा नये. आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं परत देतानासुद्धा रिकामं देत नाहीत आणि घासल्याशिवाय देत नाहीत.

मग त्याने तांब्याच्या ठिगळावर बोट ठेवलं.

"हे आधी काढ. हा आमचा मळ आहे."

त्याने ते ठिगळ लहानपणापासून पाहिलं होतं. बाप वर्षातून एकदा भिंत उघडून चरबी बदलायचा, तेव्हा पोरगा दिवा धरून उभा असे. ठिगळ बापानेच लावलं, असं तो धरून चालला होता. दुसऱ्याची बंदूक घेतली ती घेतली, वर मोडली आणि वर डब्याच्या पत्र्याने सांधली. प्रेंगला बंदूक घेतल्याची लाज होतीच. पण ठिगळाची जास्त होती, असं मला वाटलं.

'मला वाटलं' हे शब्द खोडायला हवेत. मला तेव्हा काही वाटलं नव्हतं. मी ठिगळ मापलं, लांबी आठ सेंटिमीटर, रुंदी पाच, आणि कार्डावर लिहिलं: काढणे.

*

बोल्ट.
दोन दिवस डिझेल. तिसऱ्या दिवशी लाकडी हातोड्याने ठोकलं तेव्हा हलला. या रायफलीचा बोल्ट फिरवावा लागत नाही, सरळ मागे ओढायचा आणि सरळ पुढे ढकलायचा. आतलं डोकं आपसूक फिरतं. त्यात वाळलेली चरबी आणि एका किड्याचं कवच होतं. सगळं सुटं केलं, धुतलं, तेल लावलं. आता एका बोटाने मागे येतो.

नळी.
गंज कागदाने घासून काढला तर खालचं लोखंडही जातं आणि कारखान्याचे शिक्के पुसट होतात. म्हणून मी नळी उकळतो. छतावरच्या पन्हळीचा दोन हाताचा तुकडा, दोन्ही टोकं बंद केलेली, खाली गॅसच्या दोन शेगड्या. पाण्यात अर्धा तास. तांबडा गंज उकळला की काळा होतो आणि काळा गंज हा गंज नव्हे, ते लोखंडाचं पांघरूण. बारीक तारेच्या काथ्याने हलकं पुसायचं, परत उकळायचं. चार वेळा केलं. पाचव्यांदा नळी निळसर काळी निघाली. आटे आरशासारखे नव्हते, पण मोजता येत होते, चारही. पुढच्या टोकाला नेम धरायची माशी सरळ होती. लाझरची नेमबाजी कशी होती, कोण जाणे. निदान माशीचा दोष नव्हता.

दस्ता.
इथे सावकाश जायला हवं.

सात खिळे घरी ठोकून केलेले, चौकोनी, डोकी वेडीवाकडी. एकेक काढून तेलाच्या वाटीत ठेवला. पत्रा उचलला. खाली तड्यात जुना सरस आणि लाकडावर हिरवा-काळा डाग, तांब्याचा. तडा उघडून धुतला, नवा सरस भरला, आतून, जिथे डोळ्याला दिसत नाही तिथून, बीच झाडाच्या लाकडाची एक खुंटी आडवी घातली. दोऱ्याने आवळून तीन दिवस ठेवला. डाग आम्लाने उडवला. खिळ्यांच्या भोकांत अक्रोडाच्या खुंट्या बसवल्या. प्रत्येक खुंटीचा रेषांचा रोख आजूबाजूच्या लाकडाशी जुळवून, कारण तसं केलं नाही तर तेल लागल्यावर खुंटी काळी पडते आणि डोळ्यासारखी बघत राहते. खुंट्या आठ. सात खिळ्यांच्या, एक त्या बाहेरच्या भोकाची.

दबलेल्या जागांवर ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली. लाकूड वाफ पिऊन वर येतं. मग जवसाचं तेल, तळहाताने, रोज एक हात, अकरा दिवस.

बाराव्या दिवशी बायकोला बोलावून विचारलं, मान कुठे मोडली होती, दाखव. तिने बोट ठेवलं ते चार बोटं चुकलं. त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

*

काढलेल्या वस्तू.
काढलेली प्रत्येक वस्तू मी त्या कामाच्या डब्यात ठेवतो. जुना स्क्रू, तुटकी स्प्रिंग, काहीही. गिऱ्हाइकाने मागितली तर द्यायची, नाही मागितली तर वर्षभराने भंगारात. डबा क्रमांक २१४ मध्ये: चौकोनी खिळे ७. वाळलेल्या चरबीचा गोळा १. किड्याचं कवच १.

तांब्याचा पत्रा नाही.

त्याच आठवड्यात लेझा गावच्या एका शिकाऱ्याची दोन नळ्यांची बंदूक आली होती. तिचा सांधा सैल झाला होता आणि खाली द्यायला पातळ तांबं हवं होतं. नवं तांबं आणायला गावात जावं लागलं असतं. पत्रा हाताशी होता. मी त्यातून दोन पट्ट्या कापल्या, ठोकून सपाट केल्या आणि बसवल्या. कात्री त्या अर्ध्या फुलातून गेली. उरलेले तुकडे झाडून टाकले.

तीस वर्षांत मी डब्यातली वस्तू दुसऱ्या कामाला वापरली, असं याआधी दोनदा झालं असेल. दोन्ही वेळा काही बिघडलं नव्हतं.

*

प्रेंग ठरल्या दिवशी आला. रायफल उजेडात धरून त्याने दोनदा उलटीपालटी केली. अंगठा मानेवरून फिरवला, परत फिरवला. मग नाकाजवळ नेली. चरबीचा वास गेला का, ते बघत होता. पैसे दिले आणि आणताना गुंडाळलेल्या घोंगडीऐवजी माझ्या बायकोकडून एक धुतलेली चादर मागून घेतली.

आठ दिवसांनी तो त्याच चादरीत रायफल घेऊन परत आला आणि ती माझ्या कामाच्या टेबलावर ठेवली.

त्या घरात काय झालं, ते त्याने सांगितलं तसं:

घराचा कर्ता ल्येश, लाझरचा नातू, अठ्ठावन्न वर्षांचा. त्याने दार उघडलं. कोण आलं आहे ते पाहिलं आणि तरी आत घेतलं. दारात आलेल्याला आत घेतात.

कॉफी आली. प्रेंगने कपाला हात लावला नाही. असं काही मागायला गेलेला माणूस होकार मिळेपर्यंत कॉफी पीत नाही. तीही रीतच.

त्याने चादर उघडली आणि रायफल दोन्ही हातांवर धरून पुढे केली. ल्येशने घेतली नाही, आत्याला हाक मारली.

आत्या म्हणजे द्राने, लाझरची मुलगी. बाप मेला तेव्हा आठ वर्षांची होती, आता पंच्याऐंशीची. तरुणपणी विधवा होऊन बापाच्या घरी परत आली ती तिथेच राहिली. डोळ्यांत मोतीबिंदू झालेला. ती चुलीपाशी गेली आणि वरच्या खुंटीवरून तांब्याची एक झारी काढून मांडीवर घेऊन बसली. झारीच्या पोटाला तळहाताहून लहान चौकोनी भोक. त्या भोकाच्या कडेला अर्धं फूल.

सत्त्याहत्तर वर्षं ती झारी चुलीवर टांगलेली होती. पाणी राहत नव्हतं, कोणी विकली नव्हती. तिची आई मरताना सांगून गेली होती: बंदूक आली तर पत्रा इथे बसवून बघा.

द्रानेने रायफलीच्या मानेवर हात ठेवला. एका बाजूने फिरवला, दुसऱ्या बाजूने फिरवला. अंगठ्याने दाबून पाहिलं. मग हात काढून घेतला आणि म्हणाली, ही आमची नाही.

ल्येशने आवाज चढवला नाही. तो म्हणाला, प्रेंग, क्रुयाच्या बाजारात असल्या पुष्कळ मिळतात, जर्मन लोक घेतात. आमच्या आजोबाच्या नावावर आम्ही बाजारातली बंदूक घेतली, हे तुम्ही आता गावभर सांगणार का? तुमच्या बापाने बंदूक नेली, ती निदान खरी होती.

प्रेंग कॉफी तशीच ठेवून उठला.

*

माझ्या कामाची याहून मोठी स्तुती आजवर कोणी केलेली नाही. हे मी तेव्हाही मनात म्हटलं, आणि लगेच म्हटलं.

"पत्रा दे," प्रेंग म्हणाला. "तो पत्रा त्यांच्या झारीचा आहे. देऊन टाकतो, बसवून बघतील."

मी डबा काढला. खिळे दाखवले. पत्र्याचं काय केलं, ते सांगितलं. लेझाच्या शिकाऱ्याचं नाव सांगितलं, पट्ट्या किती रुंद कापल्या तेही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती.

तो ओरडेल, असं मला वाटलं. तो स्टुलावर बसला. बायको आतून आली, बघून परत आत गेली.

"म्हणजे आमच्या बापाने नव्हता लावला," तो म्हणाला.

"नाही."

"मोडलेली होती. आधीच मोडलेली होती." मग परत, "आम्ही नव्हती मोडली." आणि मग, त्याच दमात, "आणि मी ते काढायला लावलं."

सात खिळे घेऊन जाऊ या, असं तो म्हणाला. मी म्हटलं, सात खिळे कोणीही ठोकून आणेल. तो म्हणाला, मग तू चल. मी म्हटलं, माझं ते का ऐकतील, मी तर तुमच्याकडून पैसे घेतलेला माणूस. तो म्हणाला, डॉक्टरने वर्ष सांगितलं होतं, त्यातला एक महिना तुझ्या तेलात गेला.

मी पिशवी भरली.

*

पिशवीत: बारीक गिरमिट. स्पिरिटची बाटली. फडकी. सात खिळे, तेलाच्या कागदात. कार्ड क्रमांक २१४.

घासायची काच विसरलो.

*

ल्येशने या वेळीही दार उघडलं आणि या वेळीही आत घेतलं. माझ्याकडे बघून तो प्रेंगला म्हणाला, आज बाजारवालाच बरोबर आणलात की काय. प्रेंग म्हणाला, बाजारवाला नाही, गुन्हेगार. ल्येश हसला नाही, पण बाजूला झाला.

तीन कॉफ्या आल्या. आम्ही दोघांनी हात लावला नाही, म्हणून ल्येशनेही लावला नाही. द्राने चुलीजवळ बसली होती. झारी खुंटीवर होती. मी ती बघितली. भोकाची कड कात्रीने कापलेली नव्हती, छिन्नीने तोडलेली होती, घाईघाईने. तसं तांब्याचं काम मला करायला लागलं असतं तर मी लाजलो असतो.

काय केलं ते मी सांगितलं. ठिगळ काढलं, तडा भरला, डाग उडवला, भोकं बुजवली, पत्रा कापला. क्रमाने, कार्ड हातात धरून. ल्येश म्हणाला, कार्ड कालही लिहिता येतं. ते खरं होतं.

द्रानेने मान वर केली.

"खिळे किती होते, मिस्त्री?"

"सात, आजी."

मी कागद उघडून खिळे तिच्या ओंजळीत दिले. तिने ते मोजले नाहीत. तळहातावर नुसते हलवले.

"आणि भोकं?"

मी आठ म्हणालो. खोलीत काही बदललं नाही, फक्त ल्येश आत्याकडे बघायला लागला.

"सात खिळ्यांना आठ भोकं कशी?"

"ते मला कळलं नाही. एक पत्र्याच्या बाहेर आहे. तसं लिहून ठेवलंय."

ल्येश म्हणाला, आत्या, प्रेंगच्या घरच्यांनी सत्तर वर्षं बघितली असतील ती भोकं, पाठ करून घेतली असतील. द्राने म्हणाली, बघितली असतील, तर आमच्याच बंदुकीवर बघितली असतील ना, गाढवा. पाठ करायला आधी ती असावी लागते. मग मला म्हणाली, बोलू नकोस, दाखव.

मी काच मागितली. ल्येशने अंगणातून राकी दारूच्या फुटक्या बाटलीचा तुकडा आणून दिला. चांगला होता, कड ताजी होती. मी रायफल मांडीवर आडवी घेतली आणि मानेवरचं अकरा दिवसांचं तेल खरवडायला सुरुवात केली.

तेल मुरलेलं असलं की सहज सुटत नाही. आधी पिवळी साल निघाली, मग तांबूस भुसा, मग कोरं लाकूड. स्पिरिटने पुसलं. काही दिसलं नाही. रेषांचा रोख मी फार चांगला जुळवला होता. परत खरवडलं. प्रेंग माझ्या हातांकडे बघत होता, आणि त्याचा श्वास मला ऐकू येत होता. तिसऱ्यांदा स्पिरिट लावलं आणि ते वाळत असताना, ओल्या-कोरड्याच्या मधल्या क्षणी, पहिली खुंटी दिसली. गोल, वाटाण्याहून लहान. मग तिच्याशेजारची. वर चार, खाली तीन. बोटभर खाली, एकटी, आठवी.

गिरमिटाने मी आठवी खुंटी पोखरून काढली. भुसा फुंकला. भोक सरळ नव्हतं. आत जाऊन डावीकडे वळलं होतं, जसा वाकडा गेलेला खिळा वळतो.

रायफल द्रानेच्या मांडीवर ठेवली. तिने करंगळीचं नख लावून मानेवर शोधलं. नख भोकात गेलं आणि तिथेच राहिलं.

"मी तोंडात धरले होते," ती म्हणाली. "आठ होते. बाप एकेक मागत होता. हा वाकडा गेला, त्याने उपटून चुलीत टाकला आणि संत निकोलसला शिवी दिली. मग मला म्हणाला, आईला सांगू नकोस. मला वाटलं, शिवीचं. तो म्हणाला, शिवीचं नाही गं, झारीचं."

ल्येश उभा होता तो खाली बसला.

ती मला म्हणाली, पुसलंस मात्र छान. पत्र्याबद्दल तिने विचारलं नाही. मी सांगितलं होतं, तिने ऐकलं होतं.

मग प्रेंगकडे तोंड करून म्हणाली, "तुझ्या बापाने बंदूक उशाशी का नाही ठेवली?"

"माहीत नाही, आई. मी विचारलं नाही."

"विचारायला हवं होतं."

"हो."

तिने रायफल मांडीवरून हलवली नाही, पण हाताने कपांकडे खूण केली. ल्येश लगबगीने उठला आणि तिन्ही कप तबकात घेऊन चुलीकडे निघाला; कॉफ्या थंड झाल्या होत्या, गरम करून आणतो म्हणाला.

"ठेव त्या," द्राने म्हणाली. "थंडच पिऊ देत. नवी केलीस तर ती दुसरी कॉफी होईल."

प्रेंगने कप उचलला आणि एका घोटात संपवला, गाळासकट. मी माझी प्यायलो. साखर तळाशी बसली होती.

निघताना मी म्हटलं, मान परत तेल लावून नीट करून देतो, पैसे नकोत. कोरं लाकूड ओल पितं. द्रानेने ऐकलं नाही असं दाखवलं. सात खिळे तिने ठेवून घेतले. झारी ल्येशने खुंटीवर परत टांगली. ती काढून टाकायचं कोणाच्या मनात आलं नाही.

*

प्रेंग फेब्रुवारीत गेला, डॉक्टरने सांगितलं त्याच्या दोन महिने आधी. मी सकाळच्या गाडीने गेलो. अंगणात चिखल होता, पुरुष दोन रांगांत उभे होते. ल्येश आला, एक चुलतभाऊ बरोबर घेऊन. दारात उभा राहिला नाही, आत गेला, पेटीपाशी थांबला, प्रेंगच्या कपाळाला हात लावला आणि बाहेर येऊन रांगेत उभा राहिला, जिथे जागा होती तिथे. माझ्या शेजारी होती.

लोक बघत होते. त्याला ते कळत होतं. काही तरी बोलावं म्हणून त्याने मला हळू आवाजात विचारलं, ते खरवडलेलं लाकूड तसंच ठेवलं तर काय होतं.

मी सांगितलं, कीड लागेल. आज नाही, पाच-दहा वर्षांत. वर्षातून दोनदा जवसाचं तेल, एवढंच पुरे.

आत्या लावू देत नाही, तो म्हणाला.

मग निदान भिंतीपासून बोटभर दूर टांगा, मी म्हटलं. दगडी भिंतीला हिवाळ्यात पाझर असतो. लोखंडाला लागला तर माझ्या उकळण्याचा काही उपयोग नाही.

त्याने चिखलात बूट टेकवून बघितला, मग दुसरा.

"टांगलेली नाही," तो म्हणाला. "तिच्या उशाशी असते."